बाळंतपणाचं बिल कोणी भरायचं?

मुलुंडला माझं सासर आहे आणि सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच महिने दोन वाद आलटूनपालटून चालू आहेत. पहिला लाडक्या बहिणीचा. महिन्याचे १५०० रुपये ही रेवडी की हक्क, यावरून आमचे एक काका आणि एक आत्या अधूनमधून अबोला धरतात. दुसरा वाद जरा पांढरपेशा आहे. नवरा-बायकोला मिळून एकच इन्कम टॅक्स रिटर्न भरायची मुभा द्यावी, अशी सूचना सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी केली होती. तेव्हापासून माझे धाकटे दीर त्या सूचनेचे बिनपगारी प्रचारक झालेत. "जर्मनीत आहे की ही सोय," असं लिहून ते मला टॅग करतात. "वहिनी, सांगा जरा यांना."

सांगते. भाऊजींना आवडेल असंच सांगेन, याची मात्र खात्री नाही. आणि सांगता सांगता बाळंतपणाच्या बिलापर्यंतही जाणार आहे, ज्याच्यावर ग्रुपवर कोणी बोलत नाही.

मी श्टुटगार्टला एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगारपत्रकं करते. (मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून अधिकृत भगिनी-शहरं आहेत. त्यातली लाडकी कोण, हे अजून ठरायचंय.) नवरा इंजिनिअर. त्यामुळे इतरांच्या पगारातून कर कापणारी मीच आणि घरी दोन पगारांचा मेळ घालणारीही मीच.

जर्मनीत ही पद्धत १९५८ पासून आहे. नवरा-बायकोची वर्षाची कमाई एकत्र करायची, तिचे दोन सारखे भाग करायचे, एका भागावर किती कर बसतो ते काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. कराचे दर कमाईबरोबर चढत जातात, त्यामुळे एकाची कमाई भरपूर आणि दुसऱ्याची शून्य असेल तर फायदा सर्वांत मोठा. दोघांचे पगार सारखे असतील तर फायदा काहीच नाही. दोघांच्या पगारांत दरी जितकी रुंद, तितकी सवलत घसघशीत.

याच्या जोडीला करवर्ग आहेत. लग्न झालेलं जोडपं तिसरा आणि पाचवा असे वर्ग वाटून घेऊ शकतं. जास्त कमावणाऱ्याने तिसरा घ्यायचा, म्हणजे त्याच्या पगारातून दरमहा कर कमी कापला जातो. कमी कमावणाऱ्याला पाचवा, त्यात कपात जबर. माझ्या टेबलावर येणाऱ्या पगारपत्रकांत पाचव्या वर्गातली माणसं म्हणजे जवळजवळ सगळ्या बायकाच. वर्षअखेरीस रिटर्न भरलं की घराचा एकूण हिशोब सारखा होतो, हे खरं. पण दर महिन्याला तिच्या हातात जी स्लिप पडते ती बघून कोणीही म्हणेल, एवढ्यासाठी का सकाळी सातला घर सोडायचं? शिवाय बाळंतपणानंतरचा पालकभत्ता आणि नोकरी गेल्यावरचा बेकारभत्ता कापून हाती आलेल्या पगारावरून ठरतो. तिथे पाचव्या वर्गाने केलेलं नुकसान रिटर्न भरून परत येत नाही.

आमच्या घरी मी सुरुवातीलाच चौथा-चौथा वर्ग मागून घेतला, म्हणजे दोघांची कपात सारख्या नियमाने. दरमहा घरात काही युरो कमी येऊ लागले. नवऱ्याच्या सहकाऱ्यांना वाटलं, या परदेशी लोकांना फॉर्म कळला नसावा.

तिसरी गंमत म्हणजे मिनीजॉब, ठरावीक मर्यादेच्या आत पगार असलेली छोटी नोकरी. २०२५ मध्ये त्याची मर्यादा महिना ५५६ युरो होती. तेवढं कमावणारी बायको नवऱ्याच्या आरोग्यविम्यात फुकट राहते, तिच्या पगारातून जवळपास काही कापलं जात नाही. जरा वर गेली की विम्याचा हप्ता सुरू, पाचव्या वर्गाची कात्री सुरू. त्यामुळे चांगल्या शिकलेल्या बायका वर्षानुवर्षं त्या मर्यादेला टेकून बसतात. वाढीव तास देऊ केले तर "नको हो, घरी परवडत नाही" असं सांगतात, आणि ते अगदी खरं असतं. या देशात नोकरी करणाऱ्या बायकांपैकी सुमारे निम्म्या अर्धवेळ काम करतात. पुरुषांत हे प्रमाण साधारण आठात एक. ताशी सरासरी वेतनात बायका पुरुषांपेक्षा १६ टक्के मागे आहेत, हा २०२४ चा सरकारी आकडा. आणि ही कुठल्याही मागासलेल्या राज्याची नाही, युरोपातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेची गोष्ट आहे.

सगळा दोष कराचा नाही. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत ही तफावत पुष्कळ कमी आहे, आणि करकायदा तर एकीकरणानंतर दोन्हीकडे सारखाच आहे. पूर्वेकडे पाळणाघरांचं जाळं आणि आईने पूर्णवेळ कामावर जायची सवय, दोन्ही जुनं. पश्चिमेकडे १९७७ पर्यंत कायदाच असा होता की घर आणि संसाराच्या जबाबदाऱ्यांशी जुळेल एवढीच नोकरी बायकोने करावी. एकत्र कर त्या संसाराला शोभणाराच होता. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोचा कर वेगळा केला. जर्मनीत एकत्र कराची पद्धत मोडीत काढायची भाषा दर निवडणुकीत होते आणि निवडणुकीनंतर विरते, कारण एकदा दिलेली सवलत परत घेणं कुठल्याच पक्षाला झेपत नाही. भारतात ती अजून दिलेली नाही. म्हणून हे आत्ताच लिहितेय.

आता भाऊजींचा हिशोब. भारतातल्या नव्या करपद्धतीचे दर घेऊ. प्रमाणित वजावट आणि उपकर बाजूला ठेवू. नवऱ्याची कमाई वर्षाला ३० लाख, बायको घरी. आज कर ४ लाख ८० हजार. जर्मन पद्धतीने १५-१५ लाख असे दोन भाग केले तर कर २ लाख १० हजार. पावणेतीन लाखांच्या आसपास वाचले, भाऊजी खूश. आता बायकोला वर्षाला ५ लाखांची नोकरी मिळाली. आजच्या कायद्यात तिच्या ५ लाखांवर कर शून्य. एकत्र रिटर्नमध्ये दोघांचे साडेसतरा-साडेसतरा लाख होतात आणि घराचा कर ३ लाखांवर जातो. तिच्या नोकरीपायी ९० हजारांनी वाढला. त्यात पाळणाघराची फी, लोकलचा पास आणि बाहेरून मागवलेले डबे मिळवा. जेवणाच्या टेबलावर, प्रेमानेच, विषय निघेल की तुला खरंच गरज आहे का नोकरीची. सूचना ऐच्छिक आहे, सक्ती नाही, असं भाऊजी म्हणतात. जर्मनीतही ऐच्छिकच आहे. ज्यात पैसे वाचतात तो पर्याय सोडून देणारं घर कितीदा बघितलंय तुम्ही?

शिवाय नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आज करच लागत नाही. म्हणजे या सवलतीचा लाभ घेणारा वर्ग अगदी वरच्या थरातला. धारावीत शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या घराला यातून छदाम मिळणार नाही.

भाऊजींच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. बायकोने मुलांसाठी किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी नोकरी सोडली असेल, तर तिच्या त्या कामाची दखल कुठेच का नसावी? असावीच. पण नवऱ्याच्या पगारावरचा कर कमी करून ती घेतली जात नाही. इथे दुसरी एक व्यवस्था आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, जो पालक त्याला सांभाळतो त्याच्या पेन्शनच्या खात्यात तीन वर्षांचं श्रेय जमा होतं. जणू ती माणूस तेवढी वर्षं सरासरी पगारावर कामाला होती. ते तिच्या नावावर राहतं. घटस्फोट झाला तरी, नवरा गेला तरी. कौतुक करायचंच तर असं करावं.

मला जास्त सलतो तो वेगळाच विषय, बाळंतपणाच्या खर्चाचा. माझी एक मैत्रीण अंधेरीला एका कंपनीत एचआर सांभाळते. ती म्हणते, "कागदावर कोणी काही लिहीत नाही गं. पण दोन सारखे उमेदवार असले, एक मुलगा आणि एक नुकतीच लग्न झालेली मुलगी, की मालक नुसता माझ्याकडे बघतो. बोलत काही नाही."

तो का बघतो, ते कायद्यात आहे. २०१७ मध्ये मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, पहिल्या दोन अपत्यांसाठी. चांगलं केलं. पण त्या २६ आठवड्यांचा पूर्ण पगार भरायचा कोणी, तर तिला नोकरी देणाऱ्याने. आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. म्हणजे मूल दोघांचं, पण कामाच्या ठिकाणी त्याचा खर्च सगळा बाईच्या नावावर, तिला ठेवणाऱ्या मालकाच्या खिशातून. पन्नास माणसांचं ऑफिस चालवणारा असा मालक दुष्ट असायची गरज नाही, त्याला बेरीज येत असली की पुरे. २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने सात आठवड्यांचा पगार मालकांना परत द्यायचा प्रस्ताव पुढे आणला होता. पुढे त्याचा गाजावाजाही ओसरला.

या प्रश्नाला मुंबईने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हात घातला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणूनच त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मान्य केलं. मात्र मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही, कारण पुरुषांऐवजी बायका कामाला ठेवून तो जास्त फायदा मिळवतच असतो. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. भार मात्र मालकावरच राहिला.

तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यांत. पुढच्या दशकांत हे प्रमाण घसरत घसरत नगण्य झालं. कारणं अनेक होती: बायकांना रात्रपाळीची मनाई आणि गिरण्या तर जादा पाळ्यांवर चाललेल्या, नवी यंत्रं आली ती नेमकी बायकांच्या खात्यांत. बाळंतपणाचा आणि पाळणाघराचा खर्च हेही त्या यादीतलंच एक कारण. गिरणीतून बाहेर पडलेल्या बायका काही घरी बसल्या नाहीत. गिरणगावात खानावळी चालवून त्यांनी त्याच गिरण्यांतल्या पुरुषांना जेवू घातलं. भिशीवर आणि सावकारावर चाललेला तो धंदा बँकेच्या दारात पोचला तो १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केल्यावर. तोवर अर्थव्यवस्थेच्या वहीत त्या बायका नव्हत्याच.

आता पगारपत्रकातली एक ओळ सांगते, जी मी दर महिन्याला प्रत्येक नावापुढे लिहिते. तिचं नाव उमलागे-त्स्वाय. दुसरी वर्गणी. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगाराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास रक्कम, विमासंस्थेनुसार कमी-जास्त, मालक आरोग्यविम्याकडे भरतो. कंपनीत बाई असो नसो. नुसते पुरुष वेल्डर कामाला असलेलं वर्कशॉपही भरतं. आणि कुठल्याही कंपनीतली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की मालकाने तिला दिलेले पैसे त्या सामायिक खात्यातून पूर्ण परत मिळतात. अशा रजेचा अर्ज आला की आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न असतो की तिचं काम कोण बघणार. पैशाचा प्रश्न निघतच नाही, कारण तो शिल्लकच नाही.

हेही आपोआप झालेलं नाही. आधी ही वर्गणी फक्त छोट्या कंपन्यांना लागू होती. नोव्हेंबर २००३ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की अशा रचनेमुळे मालक बायकांना घ्यायला कचरत असेल, तर स्त्रीच्या रक्षणासाठी केलेला कायदाच तिच्याविरुद्ध भेदभाव करतो, सरकारने सुधारणा करावी. २००६ पासून सगळ्या कंपन्या त्यात आल्या.

इथे कोणी म्हणेल, भारतात हे कुठे जमायचं. जमलंय. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या आजारपण-बाळंतपणासाठी असलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहेच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजनेत आलेल्या कामगाराचा मालक सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. बाई असो वा पुरुष, वर्गणी तीच. बाईचं बाळंतपण आलं की तिचे पैसे ईएसआय देतं. कारखान्यातल्या पॅकिंगवाल्या मुलीसाठी जे तत्त्व आपण केव्हाच मानलंय, ते २१,००० च्या वर एक रुपया गेला की सोडून देतो. ती सुपरवायझर झाली, पगार पंचवीस हजार झाला, की ती मालकाला अचानक महाग पडू लागते. बढतीवर बसवलेला हा दंडच. बाकी आजारपणासाठी मर्यादा ठेवायची तर ठेवा. फक्त मातृत्वासाठी सगळ्या पगारांना लागू अशी छोटी वर्गणी का नको?

पाळणाघराच्या कायद्यातही हाच धडा होता, आणि तो अर्धा आपण शिकलोय. जुन्या फॅक्टरी कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर, १९९६ च्या बांधकाम कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर. ठेकेदाराला पन्नासाव्या बाईवर थांबायला कोण अडवणार होतं? २०१७ च्या दुरुस्तीत पन्नास कर्मचारी, बाई-पुरुष मिळून, अशी अट आली. सुधारणा खरीच. तरी मुंबईतल्या बहुतेक बायकांना त्याचा उपयोग नाही, कारण दुकानात चौघी, क्लिनिकमध्ये तिघी, घरकामाला तर एकटीच. पन्नासचा आकडा तिथे कधी भरणारच नाही.

त्या एकटीशिवाय माझी अंधेरीची मैत्रीण दहा मिनिटंही उशिरापर्यंत ऑफिसात थांबू शकत नाही. भांडुपच्या चाळीतून येणाऱ्या एका बाईच्या जिवावर तिची नोकरी उभी आहे. आणि त्या बाईचं धाकटं मूल सांभाळतं कोण, तर तिची बारा वर्षांची मोठी मुलगी. श्टुटगार्टला एवढ्या पैशात अशी मदत मिळत नाही, म्हणून इथल्या बायका अर्धवेळ होतात. मुंबईत मिळते, म्हणून वरच्या मजल्यावरची बाई पूर्णवेळ राहते आणि किंमत खालच्या वस्तीतली मुलगी शाळेत मोजते. पुरुषाचा दिवस दोन्ही शहरांत तसाच्या तसा. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ८८. आणि हे ८८ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. बहुसंख्य पुरुष त्या मोजणीत आलेच नाहीत.

जर्मनीचे गोडवे गातेय असं वाटू नये. एक वर्षावरच्या मुलाला पाळणाघरात जागा हा २०१३ पासून इथे कायदेशीर हक्क आहे. जागा मिळवायला मात्र मूल पोटात असतानाच नाव घालावं लागतं, आणि मिळाल्यावरही शिक्षिका आजारी पडल्या की दुपारी दोनला फोन येतो, घेऊन जा. फोन आईलाच येतो. फॉर्मवर बापाचा नंबर वर लिहिला तरी.

राहिली लाडकी बहीण. काकांशी मी सहमत नाही. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर, कोणापुढे हात न पसरता येणारे १५०० रुपये ज्या बाईने कधी पाहिले नव्हते तिच्यासाठी ते थोडे नाहीत. आत्याशीही पूर्ण सहमत होता येत नाही. मे २०२५ मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान तिकीट ५ वरून १० रुपये केलं. दोन बस बदलून कामाला जाणारी आणि तशीच परतणारी बाई रोज चार तिकिटं काढते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वाढीव खर्च ५२० रुपये. लाडक्या बहिणीच्या पैशातला एक तृतीयांश बसमध्येच गेला. खजिने वेगळे आहेत, एक राज्याचा, दुसरा पालिकेच्या उपक्रमाचा. पण पर्स एकच. भाडेवाढीचा निर्णय झाला तेव्हा तो महिलाविषयक निर्णय आहे असं कोणाच्या मनातही आलं नसणार. तिच्या नावाने योजना असली की चर्चा होते, फोटो लागतात. तिचं नाव नसलेल्या निर्णयांनी तिचं बजेट ठरतं.

लाडक्या बहिणीच्या योजनेत अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. म्हणजे चांगली नोकरी लागली की पैसे बंद व्हायचे. इथल्या मिनीजॉबची आठवण येते. अट हवीच, नाहीतर खजिना पुरणार नाही, हे कळतं. पण एका रुपयासरशी सगळं बंद होण्याऐवजी हळूहळू कमी होत गेलं तर बाईला पुढची पायरी चढायची भीती वाटणार नाही.

पालिकेकडे मात्र माझी एक साधी मागणी आहे. मराठी माध्यमाच्या पालिका शाळांचा पट घसरलाय, वर्ग रिकामे पडतात, याचं दुःख आपण सगळेच करतो. त्या खोल्यांमध्ये पाळणाघरं सुरू करा. वस्तीतल्याच बायकांना शिकवून नेमा आणि त्यांना मानधन नको, पगार द्या. अंगणवाडीच्या सेविका आणि आशाताई मानधनाच्या नावाखाली वर्षानुवर्षं काय सोसतायत ते आझाद मैदानाला माहीत आहे. फी उत्पन्नाप्रमाणे घ्या, फुकट नको, म्हणजे दर्जाबद्दल भांडता येईल. आणि वेळ निदान रात्री साडेआठपर्यंत ठेवा. सहाला कुलूप लागणारं पाळणाघर चर्चगेटहून सव्वासहाची बोरिवली पकडणाऱ्या बाईच्या काय कामाचं?